एकाच वेळी तीन-चार छोटी नाटकं : लेखकाने सांभाळायची कशी?

तिसरीघंटा

नमस्कार मंडळी. हा धागा काढू काढू म्हणत राहूनच जात होता, शेवटी आज मुहूर्त लागला.

मी कुठल्याही एका संस्थेची लेखिका नाही. ज्यांना नाटक हवं असतं ते विचारतात, जमलं तर लिहिते. छोटं नाटक म्हणजे दोन-चार पात्रं, तासा-सव्वातासाचा प्रयोग, नेपथ्य गाडीच्या डिकीत मावेल एवढं. अशा एका नाटकावर पोटही भरत नाही आणि वर्षही भरत नाही. त्यामुळे तीन-चार कामं एकदम हातात असणं ही हौस नाही, या कामाची रीतच तशी आहे.

सध्याची स्थिती अशी. एक दोनपात्री नाटक तालमीत आहे. एका एकांकिकेचा पहिला खर्डा अर्धवट आहे. मुलांच्या नाटकाचं नुसतं बोलणं झालंय, पण त्याचा दिग्दर्शक रोज रात्री एक नवी कल्पना पाठवतो. आणि माझं एक जुनं नाटक दुसऱ्या संस्थेला करायचंय, त्यांना त्यातली दोन पात्रं कमी करून हवीत.

वेळापत्रकं करून झाली. सकाळी हे, दुपारी ते. कागदावर फार सुरेख दिसतं. प्रत्यक्षात तालमीहून येऊन एकांकिका उघडली की तिच्यातला म्हातारा दोनपात्रीतल्या नवऱ्यासारखा बोलायला लागतो. नवरा वाक्य अर्धं सोडून 'असो' म्हणतो, तो त्याचा स्वभाव आहे. म्हाताऱ्याने 'असो' म्हणायचं काहीच कारण नाही. तो समोरच्याचं बोलणं संपायची वाट न बघणारा माणूस आहे, तो कशाला काय सोडून देईल!

माझं मत हळूहळू असं झालंय की तास कमी पडत नाहीत, दोन नाटकं एकाच अवस्थेत आली की गोची होते. दोन खर्डे एकत्र नकोत, दोन तालमी एकत्र नकोत. एक खर्डा, एक तालीम आणि एक नुसतं डोक्यात घोळणारं, एवढं मात्र झेपतं. तुम्हाला हे पटतं का? आणि पटलं तरी ते आपल्या हातात कितपत असतं? तारखा तर दुसरेच ठरवतात.

---

विंगेतला

आपण एकाच माळेचे मणी. 'असो'ची लागण वाचून हसलो, माझ्याकडे मध्यंतरी सगळ्या पात्रांना 'तसं नाही रे' झालं होतं.

यावर मी एक करतो. प्रत्येक नाटकाच्या वहीत पहिल्या पानावर पात्रवार यादी असते, पण पात्र काय बोलतं याची नाही. काय बोलणार नाही याची. हा कधी प्रश्न विचारत नाही, फक्त विधानं करतो. ही कुणाला नावाने हाक मारत नाही. हा स्वतःबद्दल बोलताना 'आपण' म्हणतो, 'मी' त्याच्या तोंडात येतच नाही. पात्राला तकियाकलाम चिकटवला की तो तिसऱ्या पानावर कंटाळवाणा होतो, नकार मात्र शेवटपर्यंत टिकतो. आणि दुसऱ्या नाटकातून परत आल्यावर ही यादी वाचली की कान जागेवर येतो.

दुसरं म्हणजे, बसल्या बसल्या लिहायला सुरुवात करायची नाही. आधीचा एक प्रवेश मोठ्याने वाचायचा, सगळी पात्रं स्वतः करून. शेजारपाजारच्यांची सवय होते.

---

पडद्यामागे

स्पष्ट लिहितो, राग नसावा. एका वेळी एक नाटक. बाकी सगळं स्वतःची समजूत घालणं आहे.

नॉर्वेचा नाटककार इब्सेन बघा. १८७७ पासून १८९९ पर्यंत साधारण दर दोन वर्षांनी एक नाटक, असं बाविसेक वर्षं. एक संपल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही. म्हणून ती नाटकं आजही उभी राहतात. चार चुलींवर चार पातेली ठेवली की एखादं करपणारच.

---

रंगरेघ

पडद्यामागे, मुद्दा समजला, पण इब्सेनचं अर्धंच सांगितलंत. १८६६ साली नॉर्वेच्या संसदेने त्याला वार्षिक मानधन मंजूर केलं होतं. दर दोन वर्षांनी एक लिहायला मागे तसा काहीतरी टेकू लागतो. असं मानधन या धाग्यावर कुणाला मिळत असेल तर त्याने हात वर करावा, आम्ही सगळे त्याचे शिष्य होतो.

आपले खरे पूर्वज फिलिप हेन्स्लोच्या वहीत आहेत. हा लंडनच्या रोझ नाट्यगृहाचा मालक. १५९२ पासूनची त्याची हिशेबाची वही टिकून आहे. त्यात नाटककारांना दिलेल्या रकमांच्या नोंदी आहेत : कथानक ऐकवलं की थोडे, एक अंक आणून दिला की थोडे, पूर्ण केलं की उरलेले. १५९० च्या दशकाच्या शेवटी एका नव्या नाटकाचे साधारण सहा पौंड, आणि तेही बऱ्याचदा तिघा-चौघांत वाटलेले. डेकर, चेटल, मंडे ही नावं एकाच हंगामात वेगवेगळ्या जोड्या करून वेगवेगळ्या नाटकांवर दिसतात. म्हणजे आपण जे करतोय ते तेव्हापासून चालू आहे. त्याच काळातल्या थॉमस हेवूड या नाटककाराने १६३३ साली छापलं होतं की २२० नाटकांत आपला पूर्ण किंवा मोठा हात होता.

---

पडद्यामागे

आणि त्या २२० तली आज किती आहेत? बहुतेक सगळी गेली. माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात.

---

रंगरेघ

गेली, कारण ती छापली गेली नाहीत. नाटक मंडळीच्या मालकीचं असायचं आणि दुसऱ्या मंडळीने उचलू नये म्हणून छापायचं टाळायचे. त्याचा दर्जाशी संबंध कमी आणि कपाटाशी जास्त. पण ठीक आहे, एक गुण तुम्हाला.

---

जुनीजाणती

भांडा भांडा, मजा येतेय. पण परदेशात कशाला जायचं, आपले गडकरी आहेतच की. जानेवारी १९१९ मध्ये गेले तेव्हा 'एकच प्याला' आणि 'भावबंधन' दोन्ही रंगभूमीवर यायची होती. पहिलं गंधर्व नाटक मंडळीने आणलं, दुसरं बळवंत संगीत मंडळीने. 'राजसंन्यास' आणि 'वेड्यांचा बाजार' अपुरीच राहिली. म्हणजे शोकांतिका, विनोदी, ऐतिहासिक आणि प्रहसन, सगळं आगेमागे एकाच टेबलावर. आणि 'एकच प्याला'ची पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. दुसऱ्याच्या हातात काम गेलं म्हणून नाटकाचं काही बिघडलं नाही.

मला या उदाहरणातून दोन्ही गोष्टी दिसतात. एक, वेगवेगळ्या जातीची नाटकं शेजारी ठेवली तर आवाज एकमेकांत मिसळत नाहीत. 'एकच प्याला'तल्या तळीरामाचं वाक्य चुकून 'राजसंन्यास'मधल्या संभाजीच्या तोंडी जाणार नाही. तिसरीघंटाताईंचा नवरा आणि म्हातारा मिसळतात, कारण दोन्ही घरगुती, दोन्ही आजचे, दोन्ही दिवाणखान्यात बसलेले. दोन, अपुरं राहायचं ते राहतंच, त्याची धास्ती किती घ्यायची.

---

तिसरीघंटा

जुनीजाणती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं! खरंच दोन्हींत एक टेबल आणि दोन खुर्च्या आहेत. एकांकिका अजून खर्ड्यातच आहे, म्हाताऱ्याला घराबाहेर काढून बघते. बसथांब्यावर बसवला तर बोलणंही बदलेल, तिथे अनोळखी माणसाशी बोलायला लागेल त्याला.

विंगेतला, 'काय बोलणार नाही'ची यादी आजपासून सुरू.

---

नेपथ्यवाला

लेखकांच्या धाग्यावर रंगमंच व्यवस्थेतला माणूस घुसतोय, गोड मानून घ्या. तुम्ही चार नाटकं सांभाळता त्याचा धक्का आमच्यापर्यंत कसा येतो ते सांगतो.

लेखक तालमीला आलेला नसतो. रात्री साडेअकराला गटावर निरोप येतो : 'पान १४ वर बदल केलाय, नवी फाइल जोडली आहे.' फाइल उघडतो तर पान १४ वरचा प्रवेश आता १३ वर सरकलेला. नटांच्या हातात जुनी प्रत, खुणा पेन्सिलने केलेल्या. दिग्दर्शकाकडे त्याच्याही आधीची. मी म्हणतो पान १४, तो म्हणतो माझ्याकडे इथे मध्यंतर आहे.

एका प्रयोगाच्या रंगीत तालमीत बाई दार लावून येतात आणि म्हणतात, 'लाव कडी.' त्यावर खोलीतला दिवा मंद व्हायचा आणि बाहेर पावसाचा आवाज सुरू व्हायचा. लेखकाने ते वाक्य काढलं. वाक्य म्हणून काढलं ते बरोबरच होतं, दार लावताना दिसतंय तर बोलायचं कशाला. पण प्रकाशवाला त्या वाक्याची वाट बघत बसला. ध्वनीवाला प्रकाशाची वाट बघत बसला. बाई रंगमंचाच्या मधोमध भगभगीत उजेडात, कोरड्या ठाक रात्री उभ्या, आणि पुढचं वाक्य 'किती पाऊस आहे बाहेर.'

म्हणून मी आता लेखकांना हात जोडून सांगतो :

तालीम सुरू झाली की पानांचे आकडे गोठवा. मजकूर वाढला तर १४अ, १४ब करा. कमी झाला तर पान अर्धं रिकामं राहू द्या, कागद महाग नाही.

प्रत्येक पानावर वर नाटकाचं नाव आणि तारीख. 'अंतिम', 'अंतिम नवी' ही नावं नकोत, अंतिम काही नसतं. चार नाटकांच्या फाइली एकाच फोनमध्ये असतात तेव्हा नाव नसलेलं सुटं पान भलत्याच गटावर जातं, हे मी बघितलंय.

बदललेल्या ओळीसमोर समासात उभी रेघ. अख्खी संहिता परत पाठवू नका, बदललेली पानं पाठवा.

आणि बदल एकाच माणसाला पाठवा. तो सगळ्यांना देईल, ते त्याचं काम आहे.

---

विंगेतला

'किती पाऊस आहे बाहेर' :D

१४अ वाली पद्धत सोन्यासारखी आहे. यात माझी एक भर : प्रत्येक नाटकाचा एक पात्र-प्रवेश तक्ता ठेवा. उभ्या रकान्यात प्रवेश, आडव्यात पात्रं, जो रंगमंचावर आहे त्याच्या घरात फुली. एकच नट दोन भूमिका करणार असेल तर एक्झिट आणि पुढची एंट्री यात कपडे बदलायला किती संवाद मिळतो ते लगेच दिसतं. आणि पंधरा-वीस दिवसांनी त्या नाटकाकडे परत आलात तर संहिता वाचायच्या आधी हा तक्ता बघा, अख्खं नाटक एका नजरेत परत डोक्यात बसतं.

ताईंचं ते 'दोन पात्रं कमी करा' प्रकरण आहे ना, त्यालाही हाच तक्ता लागेल. पण फुल्या एकमेकांवर आल्या नाहीत म्हणजे पात्रं जोडता येतात असं नाही. समजा पोस्टमन आणि शेजारी एकच केले. तक्त्यात बसतं. पण मग पत्र आलंय हे शेजाऱ्याला पहिल्या प्रवेशापासूनच माहीत, आणि तिसऱ्या प्रवेशात त्याला बसणारा धक्का खोटा पडतो. पात्र काढलं की त्याच्याकडची माहिती कुणाकडे जाते ते आधी बघायचं.

---

तालीममास्तर

मी दिग्दर्शन करतो, लिहीत नाही. मूळ प्रश्न अवस्थांचा आहे, त्यावर आमच्या बाजूने.

लेखकाने रोज तालमीला येऊ नये. होय, मुद्दाम लिहितोय. लेखक समोर बसला की नट वाक्य त्याच्याकडे बघून म्हणतात. हालचाली बसवण्याच्या दिवसांत तर लेखक अजिबात नको. तेव्हा सगळं मोडकं दिसतं. नट हातातल्या कागदात अडकलेला असतो, उठू की बसू यात वाक्याचा जीव गेलेला असतो. लेखकाला वाटतं वाक्यच वाईट आहे आणि तो घरी जाऊन चांगली वाक्यं बदलतो.

आम्हाला लेखक तीन वेळा खरा लागतो. पहिलं वाचन आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस, कारण तेव्हा प्रश्न 'याचा अर्थ काय' असे असतात. मग पहिल्यांदा नाटक अडखळत का होईना सलग होतं तेव्हा, कारण लांबी आणि वेग तिथेच कळतो. कुठे ढिलं पडतंय ते प्रवेश सुटे बसवताना कुणालाच दिसत नाही. आणि तांत्रिक तालमींच्या आधीची शेवटची सलग तालीम. त्यानंतर वाक्याला हात लावायचा तर नेपथ्यवाला यांचा वरचा प्रतिसाद छापून खिशात ठेवावा.

हे टप्पे संस्थेकडून पहिल्याच बैठकीत तारखेसकट मागून घ्या. अख्खा तालमीचा महिना अडवून ठेवायची गरज नाही. मधल्या दिवसांत दिग्दर्शकाचा एक ठरलेला फोन, बस. असं केलं तर दोन नाटकं एकाच वेळी तालमीत असली तरी जमतं, फक्त दोन्हींची पहिली सलग तालीम एकाच आठवड्यात नको. ती आलीच तर एका दिग्दर्शकाला आधीच सांगा. आम्ही चार दिवस पुढेमागे करतो. आदल्या दिवशी सांगितलं तर मात्र करत नाही.

---

तिसरीघंटा

मास्तर, हे फार कामाचं आहे. माझ्या 'अवस्था' फार ठोकळ होत्या, 'तालीम' ही एकच अवस्था मी धरली होती. त्यातले लेखकाचे दिवस वेगळे काढले तर हिशेब बराच बदलतो.

पण एक शंका. नवीन नाटक असेल तर पहिल्या वाचनानंतर कधी कधी अख्खा दुसरा अंक परत लिहावा लागतो. तो काळ तालमीचा म्हणायचा की खर्ड्याचा?

---

तालीममास्तर

खर्ड्याचा. आणि तो तालमीत घुसवू नये. वाचन आणि तालीम यांच्यात मुद्दाम फट ठेवा. १९७४ साली इंग्लंडमध्ये जॉइंट स्टॉक नावाची मंडळी निघाली, तिची पद्धतच अशी होती : आधी नटांबरोबर कार्यशाळा, मग लेखकाला लिहायला काही आठवडे एकट्याला सोडायचं, मग तालमी. लेखक त्या मधल्या काळात कुणाला उत्तरं देत बसत नसे. छोट्या संस्थांना हे परवडत नाही असं म्हणतात, पण फट ठेवायला पैसे लागत नाहीत, फक्त नाट्यगृहाची तारीख वाचनानंतर ठरवायची. आपल्याकडे तारीख आधी मिळते आणि मग नाटक शोधतात, तिथे गाडं अडतं.

---

प्रॉम्प्टर

मी नवीन आहे, दोनच एकांकिका झाल्यात. कार्यशाळेचा विषय निघाला म्हणून विचारतो. एका गटाबरोबर नट उत्स्फूर्त करतात आणि मी त्यातून लिहितो. त्यात एका नटाने सुचवलेला एक प्रसंग फार भारी होता, पण तो त्या नाटकात बसला नाही. आता दुसऱ्या गटासाठी लिहितोय तिथे तो अगदी फिट बसतोय. वापरू का?

---

जुनीजाणती

विचारून. त्या नटाला आणि त्या गटाला, दोघांना. प्रसंग तुमच्या वहीत आहे म्हणून तो तुमचा होत नाही.

---

कागदपत्र

इथे मी येणारच होतो.

प्रॉम्प्टर, कार्यशाळेआधी एका पानावर लिहून घ्या : संहितेचा लेखक कोण, नटांचं श्रेय कुठे आणि कसं, न वापरलेलं साहित्य कुणाचं. तिन्ही गोष्टी कार्यशाळा संपल्यावर बोलायला गेलात तर प्रत्येकाची आठवण वेगळी निघते.

आता बाकीच्यांसाठी. एकाच वेळी अनेक कामं घेणाऱ्या लेखकाचा खरा घोळ वेळेचा नसतो, अडकून पडलेल्या संहितांचा असतो. संस्था उत्साहाने नाटक घेते, मग नट मिळत नाही, मग तारीख मिळत नाही, मग कुणी फोनच उचलत नाही. तुम्ही संकोचाने दुसऱ्या कुणाला देत नाही. नाटक कपाटात म्हातारं होतं. म्हणून करारात एक ओळ हवीच : अमुक तारखेपर्यंत पहिला प्रयोग झाला नाही तर हक्क आपोआप लेखकाकडे परत. 'आपोआप' हा शब्द गाळू नका, नाहीतर परत मागायला पत्र लिहावं लागतं आणि ते तुम्ही लिहीत नाही, मला माहीत आहे.

पैशाचं वर रंगरेघ यांनी सांगितलंच. हेन्स्लो हप्त्याने द्यायचा. ती पद्धत लेखकाच्या सोयीची आहे, आपण उगाच सगळं 'प्रयोग झाल्यावर'वर सोडतो. थोडं सुरुवातीला, थोडं खर्डा दिल्यावर, थोडं पहिल्या प्रयोगाला आणि त्यापुढे प्रयोगागणिक मानधन. पहिला हप्ता छोटा असला तरी चालेल, पण घ्या. ज्याने पैसे दिलेत तो तारीखही गांभीर्याने घेतो. चार कामांतलं आधी कुठलं करायचं हा प्रश्नही त्याने अर्धा सुटतो.

आणि भरमसाट कबूल करणाऱ्यांनी इटालियन नाटककार गोल्दोनीची गोष्ट लक्षात ठेवावी. व्हेनिसमध्ये १७५० साली त्याने पुढच्या हंगामात सोळा नवी विनोदी नाटकं देतो असं प्रेक्षकांना जाहीर केलं आणि दिली. मंडळीचा मालक मेदेबाख, त्याने त्याबद्दल जादा काही दिलं नाही, वर नाटकं छापायचा हक्कही आपलाच म्हणाला. १७५३ मध्ये गोल्दोनी दुसऱ्या नाट्यगृहाकडे गेला. सोळा नाटकं लिहायची ताकद असलेला माणूसही लेखी न ठरवल्यामुळे अडकतो.

फ्रान्समध्ये हेच दुखणं बोमार्शे या नाटककाराने १७७७ साली नाटककारांना एकत्र बसवून मांडलं. उत्पन्नाचा हिशेब नाट्यगृह लपवतं, ही मूळ तक्रार. १७९१ च्या कायद्याने तिथे हयात लेखकाच्या लेखी संमतीशिवाय नाटक करायला बंदी आली. आज बर्न करारातल्या (लेखकांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) देशांत लेखकाचा हक्क नोंदणीशिवायही असतो. पण हक्क असणं वेगळं आणि तो कुणाला, किती काळ, कुठल्या भाषेसाठी, चित्रीकरणासकट की त्याशिवाय दिला हे दाखवता येणं वेगळं. प्रत्येक नाटकाला एक पान, त्यात एवढंच लिहायचं. चार नाटकांची चार पानं झाली की कुठलं मोकळं आहे ते विचार न करता सांगता येतं.

---

रंगरेघ

कागदपत्र, प्रतिसाद जपून ठेवलाय.

एक मात्र नोंदवतो. छोट्या संस्थांत बरेचदा समोर मित्र असतात, त्यांच्यापुढे कराराचा कागद ठेवला की चेहरे पडतात. मी 'करार' म्हणत नाही. बैठक झाली की त्याच संध्याकाळी एक मेल लिहितो, 'आज आपलं असं असं ठरलं, काही राहिलं असेल तर सांगा.' त्यात मुदत, मानधन, बदल कुणी करायचे, सगळं येतं. समोरून 'ओके' आलं की झालं. मैत्रीही शाबूत राहते.

---

कागदपत्र

काहीच नसण्यापेक्षा उत्तम. पण हक्क पूर्णपणे लिहून देत असाल तर बऱ्याच ठिकाणी कायद्याला सहीचा कागद लागतो. मित्र असेल तर सही आणखी सोपी, चहा पिता पिता होते.

---

पडद्यामागे

माझं मत बदललेलं नाही, पण धागा वाचनीय झालाय.

एकच विचारतो. 'नाही' कसं म्हणता? माझ्या मते सगळा पसारा तिथून सुरू होतो. मला नाही म्हणता येत नाही, म्हणून मी एकच घेतो आणि बाकीच्यांना टाळतो. टाळणं वाईट दिसतं, हे मान्य.

---

विंगेतला

मी 'नाही' म्हणतच नाही, तारीख सांगतो. 'पुढचा खर्डा मी अमुक महिन्यात सुरू करू शकतो.' ज्याला खरंच तुमचंच नाटक हवंय तो थांबतो. ज्याला कुठलंही चालणार असतं तो लगेच दुसऱ्याकडे जातो, त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

हो, आणि जुनं तयार नाटक असेल तर ते पुढे करा. नवीन लिहायला वेळ नाही, पण हे वाचून बघता का? लेखकाला दुसरा प्रयोगकर्ता मिळणं पहिल्यापेक्षा अवघड असतं, सगळ्यांना 'नवं कोरं' हवं. चेखवचं 'सीगल' १८९६ मध्ये पीटर्सबर्गला पडलं आणि दोन वर्षांनी मॉस्को आर्ट थिएटरने तेच उचलून धरलं. आपली नाटकं तेवढी मोठी नसतील, पण एखाद्या गटाच्या हातात न जमलेलं दुसऱ्याच्या हातात जमतं हे मी बघितलंय.

---

नेपथ्यवाला

+१. आणि दुसरी संस्था करत असेल तर त्यांना संहितेची कुठली प्रत देताय ते बघा. पहिल्या प्रयोगात नटांनी घातलेल्या भरी तशाच राहिलेली प्रत बरेचदा जाते. मग नव्या गटातला बिचारा नट त्या जुन्या नटाचा विनोद पाठ करत बसतो आणि कुणालाच हसू येत नाही.

---

प्रॉम्प्टर

जुनीजाणती, विचारलं. नट म्हणाला खुशाल वापर, गट म्हणाला श्रेयात नाव घाला. घालतोय. कागदपत्र यांचं एक पान आता दोन्ही गटांबरोबर करतोय.

---

तिसरीघंटा

सगळ्यांचे आभार, आता आढावा देते.

म्हातारा बसथांब्यावर गेला आणि 'असो' गेलं. खर्डा पुढे सरकतोय. दोनपात्रीची पहिली सलग तालीम शुक्रवारी आहे, तोपर्यंत तिकडे फिरकणार नाही असं दिग्दर्शकाला सांगितलं. तो इतका चटकन हो म्हणाला की मला जरा लागलंच.

मुलांच्या नाटकाच्या दिग्दर्शकाला सांगितलं, कल्पना एका कागदावर साठवा, महिन्याच्या शेवटी एकत्र बसू. तरी काल रात्री आली एक. कासव बोलतं अशी. वाईट नाहीये.

जुन्या नाटकाचं मात्र अडलंय. तक्ता केला, विंगेतला म्हणाले तसंच निघालं. दोनपैकी एक पात्र सहज जातं. दुसरं काढलं तर बायकोला गुपित सांगणारं कुणी उरत नाही. त्यांना एकच कमी करता येईल असं कळवलं, तर ते म्हणतात आमच्याकडे नटच चार आहेत.

---

विंगेतला

गुपित सांगायलाच हवं का? बायकोला ते सापडू दे. माणूस कमी आणि वस्तू एक जास्त.

---

तिसरीघंटा

रजिस्टर! दुकानाचं रजिस्टर पहिल्या प्रवेशापासून टेबलावर पडलेलंच आहे, कुणी उघडत नाही ते. पण मग तिसरा प्रवेश पूर्ण परत लिहावा लागेल, म्हणजे एकांकिका अर्धी असताना दुसरा खर्डा. त्यांना विंगेतला-पद्धतीने तारीख सांगते, एकांकिका हातावेगळी झाल्यावरची.

---

नेपथ्यवाला

रजिस्टर खरं वापरा, आणि दोन घ्या. एक हमखास हरवतं.